घरची वही आणि सरकारची वही

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणीतरी दोन शब्द बोलावेत असा मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपविले. विषय कोणता, असे विचारल्यावर मी "सरकारचे कर्ज" असे सांगितले, तेव्हा आपल्या चिटणीसबाईंचा चेहरा पडला. "अहो, बायका चहा येण्याआधीच उठून जातील," असे त्या म्हणाल्या. त्यांना मी एक वचन दिले आहे. जिला घरखर्चाची वही लिहिता येते तिला समजणार नाही असे एकही वाक्य मी आज बोलणार नाही.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. मंडळाची खजिनदार म्हणून अकरा वर्षे जमाखर्च लिहिते आहे, एवढाच माझा अधिकार. हा विषय मला सुचला तो एका गळक्या छपरामुळे. आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल, बालवाडीचे छप्पर गळू लागले तेव्हा आपण पाचजणी अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो होतो. तेथील साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा पाजला, अर्ज नीट वाचला आणि ते म्हणाले, "ताई, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण सरकारच कर्जात बुडालेले आहे. पैसा आणायचा कोठून?" आम्ही निमूटपणे परत आलो. वाटेत आमच्यातली एक म्हणालीसुद्धा, "खरेच आहे. ऋण काढून सण कशाला करायचा?" आम्हाला मागितल्याचीच थोडी लाज वाटली. पुढे पापड-कुरडया विकून आपण ते छप्पर केले, पण मधले दोन पावसाळे मुले एका कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसली.

साहेबांचे ते उत्तर मला तेव्हा पटले, कारण ते माझ्याच स्वयंपाकघरातले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण आईकडून शिकलो. पगार इतका, वाणी इतका, दूध इतके, शाळेची फी इतकी. उरले तर डब्यात, कमी पडले तर हात आखडायचा. सरकार म्हणजे एक मोठे घर, असे धरले की हाच हिशेब त्यालाही लागू होतो असे वाटते. परंतु पुढे वाचन करता करता, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या दिरांना भंडावून सोडता सोडता, मला दोन प्रश्न पडले. सरकार कर्ज घेते ते कोणाकडून? आणि ज्या रुपयात ते कर्ज फेडायचे तो रुपया करतो कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की घरची वही आणि सरकारची वही कोठे वेगळ्या होतात ते दिसते.

पहिला प्रश्न. सरकारचे सावकार कोण? या सभागृहात कितीजणींच्या नावे पोस्टात बचतपत्रे आहेत? कोणाचे पी. पी. एफ. खाते आहे? नातीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते कोणी उघडले आहे? आयुर्विमा कोणाचा आहे? पाहा, बहुतेक हात वर आले. भगिनींनो, सरकारचे सावकार आपणच आहोत. पोस्टातली अल्पबचत हे सरकारवरील देणे आहे. विमा महामंडळ आपल्या हप्त्यांचा मोठा भाग सरकारी रोख्यांत गुंतविते. भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच. बँकांनाही आपल्या ठेवींच्या प्रमाणात सरकारी रोखे बाळगावेच लागतात. केंद्र सरकारच्या एकूण कर्जात परदेशांचे देणे अगदी थोडे आहे. बाकी सारे घरातल्या घरात आहे.

म्हणजे सरकारच्या वहीत जे "देणे" म्हणून लिहिले आहे, तेच आपल्या पासबुकात "शिल्लक" म्हणून लिहिलेले आहे. उद्या कोणी जादूने सरकारचे सगळे कर्ज एका रात्रीत नाहीसे केले, तर त्याच रात्री आपली बचतपत्रे, विम्यामागचे रोखे आणि निवृत्तांचा निधी हेही नाहीसे होईल. घरावर वाण्याची उधारी झाली तर ती घराबाहेरच्या माणसाची असते. येथे सून सासूचे देणे लागते, आणि दोघींची चूल एकच आहे. अर्थात चूल एक असली तरी ताटे वेगळी असतात, हेही विसरू नये. त्याकडे मी पुढे येते.

आता दुसरा प्रश्न. रुपया करतो कोण? पर्समध्ये एक रुपयाची नोट असली तर घरी गेल्यावर निरखून पाहा. तिच्यावर "भारत सरकार" असे छापलेले असते आणि वित्त सचिवांची सही असते. दहा, वीस, शंभर, पाचशे या नोटा मात्र रिझर्व्ह बँकेच्या. त्यांवर गव्हर्नरांची सही आणि तितके रुपये देण्याचे वचन असते. हे वचन घेऊन कोणी रिझर्व्ह बँकेच्या दारात गेले तर त्याला काय मिळेल? दुसऱ्या नोटा किंवा नाणी. सोने मिळणार नाही. रुपयाला जे मोल आहे ते सरकार तो आपल्या करापोटी स्वीकारते आणि कायदा त्याला चलन मानतो म्हणून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हे आपण सर्वांनी अनुभवले. डाळीच्या डब्याखाली ठेवलेल्या पाचशेच्या नोटा संध्याकाळी पैसा होत्या आणि मध्यरात्रीनंतर कागद झाल्या. कागद तोच, शाई तीच. सरकारचा शब्द तेवढा बदलला.

ही रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा ती भागधारकांची होती. १ जानेवारी १९४९ पासून ती सरकारच्या मालकीची झाली. केंद्र सरकारचे खाते तिच्याकडेच आहे. सरकार एखाद्या शिक्षिकेचा पगार देते तेव्हा तिच्या बँकेतील खात्यावर तेवढी रक्कम जमा होते. आपण कर भरतो तेव्हा आपल्या खात्यातून ती वजा होते. रुपया सरकारी खर्चाच्या वाटेने बाहेर येतो आणि कराच्या वाटेने परत जातो.

आपल्याकडे हे किती उघडपणे चालत असे ते ऐका. १९५५ पासून सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरलेली होती. सरकारच्या खात्यातील शिल्लक ठरलेल्या रकमेखाली उतरली की सरकार रिझर्व्ह बँकेला ९१ दिवसांच्या मुदतीची एक हुंडी लिहून देई आणि बँक तेवढी रक्कम खात्यावर जमा करी. मुदत संपली की नवी हुंडी. व्याजही पुढे शेकडा ४.६ वर कायमचे ठरून गेले. म्हणायला ती तात्पुरती सोय होती, पण ती चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली आणि १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय जबाबदारीच्या कायद्याने, काही अपवाद सोडून, २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे नवे रोखे थेट घेऊ नयेत असे ठरले. आता सरकार आपले रोखे बाजारात विकते. मात्र तेच रोखे बँकांकडून मागाहून विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेला मुभा आहे. २०२०-२१ या करोनाच्या वर्षात तिने असे तीन लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे घेतले. तो पैसा तिने कोणाकडून उसना आणला नाही. घेतानाच तो निर्माण केला.

खासगी बँकासुद्धा पैसा निर्माण करतात, हे कळले तेव्हा तर मी चकितच झाले. आपल्या बचतगटात बारा बायकांनी दरमहा दोनशे रुपये दिले तरच तेराव्या दिवशी कोणाला कर्ज देता येते. बँकेचे तसे नाही. बँक कोणाला घरासाठी वीस लाख रुपये कर्ज देते तेव्हा ती आपल्या-तुमच्या ठेवीतून ते काढून देत नाही. ती दोन नोंदी करते : कर्जदाराच्या नावे वीस लाख येणे, आणि घर विकणाऱ्याच्या खात्यावर वीस लाख जमा. ही ठेव नवीच असते. कर्ज फिटत जाते तसा तो पैसाही मिटत जातो. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे स्पष्टपणे लिहिले आणि पाठ्यपुस्तकांतील जुनी समजूत चुकीची आहे असे सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, "मग झाले तर! सरकारने नोटा छापाव्यात आणि सगळ्यांची छपरे शाकारून द्यावीत." थांबा. येथेच माणसे फसतात. रुपयाची मर्यादा नाही म्हणजे मर्यादाच नाही असे नव्हे. ती कोठे आहे, आणि ती ओलांडली की कोण मरते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात सैन्यासाठी अन्न, कापड, जनावरे, मजुरी, सारे विकत घेत होते. त्याचे पैसे कसे दिले? लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांच्या नोंदी झाल्या, आणि त्या तारणावर येथे रुपयांच्या नोटा काढल्या गेल्या. युद्धाच्या काळात चलनातील नोटा पाच-सहा पट झाल्या. युद्ध संपल्यावर इंग्लंडकडे आपले सुमारे १,७०० कोटी रुपयांचे पौंड येणे निघाले. कागदावर आपण सावकार होतो! पण नोटा वाढल्या तसा तांदूळ थोडाच वाढला होता? १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडचा तांदूळ थांबला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूरकडे मोठे वादळ झाले. जपानी येतील या भीतीने सरकारने बंगालच्या खेड्यांतील होड्या काढून घेतल्या होत्या. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ मे १९४३ मध्ये ३० रुपयांच्या वर गेला. ज्यांना युद्धाच्या कामावर वाढीव मजुरी मिळत होती त्यांनी तो घेतला. शेतमजूर, कोळी, न्हावी, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका यांच्या हाती नव्या नोटा आल्याच नव्हत्या. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली असा अंदाज आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले, की धान्य किती होते एवढेच पाहून भागत नाही. ते विकत घेण्याची ताकद कोणाच्या हातात राहिली आणि कोणाच्या हातातून गेली, ते पाहावे लागते.

यावरून मी माझ्या वहीत एक वाक्य लिहून ठेवले आहे. सरकार रुपया निर्माण करू शकते, तांदूळ निर्माण करू शकत नाही. देशात हात रिकामे असतील, वीटभट्ट्या थंड असतील, शिकलेल्या मुली घरी बसलेल्या असतील, तर नव्या रुपयाने ते सगळे कामाला लागते आणि कोणाचे काही जात नाही. पण हात आणि माल आधीच गुंतलेले असतील, तर नवा रुपया जुन्या रुपयाच्या ताटातले ओढून घेतो. त्यालाच आपण महागाई म्हणतो. तो न सांगता बसविलेला कर आहे, आणि तो गरिबाकडून आधी वसूल होतो.

हे आपल्या आधीच्या पिढीतील बायकांना कोणत्याही ग्रंथावाचून कळले होते. १९७१ चे युद्ध आणि बंगालचे निर्वासित, १९७२ चा दुष्काळ, १९७३ मध्ये भडकलेले खनिज तेल आणि त्यात सरकारची तूट, असे सगळे एकत्र आले आणि भाव कडाडले. तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायकांची समिती उभी राहिली आणि हातात लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. त्यांनी काय विचारले? सरकारची तूट किती, हे विचारले नाही. गोडेतेल कोठे गेले, साखर कोणी दडविली, रॉकेल कोणाच्या गोदामात आहे, हे विचारले. माझ्या मते अर्थशास्त्रातला खरा प्रश्न तोच होता.

दुसरी मर्यादा परकीय चलनाची. रुपया आपला, डॉलर आपला नव्हे. १९६२ च्या चीनयुद्धात सरकारने बायकांकडे रुपये मागितले त्याहून कळकळीने सोने मागितले, आणि आपल्या आज्या-सासवांनी हातांतल्या बांगड्या उतरवून दिल्या. ते का, हे आता ध्यानात येईल. रुपये घरात करता येत होते. परदेशातून शस्त्रे आणायची तर सोने किंवा परकीय चलनच लागत होते. १९९१ मध्ये तर आयातीची दोन-तीन आठवड्यांची गरज भागेल एवढेच परकीय चलन उरले. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने पाठवून इंग्लंड आणि जपान यांच्या मध्यवर्ती बँकांकडून कर्ज घ्यावे लागले. डबा रिकामा झाला की मंगळसूत्र गहाण पडते, तसा तो प्रसंग. पुढे ते कर्ज फिटले, पण धडा राहिला. अगदी अलीकडे, एप्रिल २०२२ मध्ये, श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबविल्याचे जाहीर केले. तेथील बायका गॅसच्या टाकीसाठी दिवस दिवस रांगेत उभ्या राहिल्या. ते देणे डॉलरचे होते, आणि कोलंबोच्या छापखान्यात डॉलर निघत नाहीत. उलट जपानचे सरकारी कर्ज त्या देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे. पण ते येनमध्ये आहे आणि बहुतेक जपानी लोकांच्या बचतीतूनच आलेले आहे, म्हणून ते इतकी वर्षे चालले. कर्ज किती, यापेक्षा ते कोणत्या चलनात आणि कोणाचे, हे आधी विचारावे.

आता आपल्या साहेबांकडे वळते, कारण त्यांच्यावर अन्याय करणे मला योग्य वाटत नाही. "पैसा आणायचा कोठून?" हे त्यांचे म्हणणे त्यांच्या कचेरीपुरते अगदी खरे होते. रुपया करण्याची सोय केंद्राकडे आहे. राज्य सरकारकडे ती नाही, नगरपालिकेकडे नाही, ग्रामपंचायतीकडे तर मुळीच नाही. या सगळ्यांची वही आपल्या घरच्या वहीसारखीच आहे : जमा झाले तर खर्च. राज्याला कर्ज काढायचे तरी, केंद्राचे देणे बाकी असताना, घटनेच्या २९३ व्या कलमाप्रमाणे केंद्राची संमती लागते. म्हणजे एकच वाक्य एका तोंडी खरे आणि दुसऱ्या तोंडी खोटे ठरते. "पैसा नाही" असे नगरपालिका म्हणाली तर ऐकून घ्यावे आणि तिचे अंदाजपत्रक मागावे. दिल्लीने म्हटले तर मात्र विचारावे, "पैसा नाही, की छप्पर घालायला माणसे आणि पत्रे नाहीत, की तुमची इच्छा नाही?"

आणि पैसा निर्माण न करता येणाऱ्या सरकारलाही इच्छा असली तर काय करता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बहात्तरच्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडायला गेली. त्यांत बायका फार होत्या. नुसती मजुरी देऊन भागले नसते. मजुरीबरोबर लाल मिलो आला, मुलांसाठी सुकडी आली, म्हणजे पैशामागे धान्य उभे केले गेले. बंगालमध्ये जे झाले नाही ते येथे झाले. वि. स. पागे यांच्या विचारातून जी रोजगार हमी योजना उभी राहिली तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. खर्च कोठून काढला? राज्याला नोटा काढता येत नव्हत्या, म्हणून १९७५ पासून नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला. शहरातल्या पगारातून काही रुपये कापले गेले आणि खेड्यातल्या बाईच्या हातात कुदळ आणि मजुरी पडली. आपल्या घरातल्या कितीतरी पगारपत्रकांवर तो कर अजून दिसतो. यापुढे तो पाहाल तेव्हा त्याची ही कुळकथा आठवा.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट सांगते. रुपया निर्माण करण्याचा अधिकार हा धारदार विळीसारखा आहे. स्वयंपाक तिच्यावाचून होत नाही, पण ती मुलांच्या हाती देत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात सरकारच्या हाती रुपये काढण्याची अनिर्बंध सत्ता ठेवण्यास त्यांचा विरोध होता. रुपयाची किंमत घसरली की तिचा फटका मजुरी करणाऱ्याला बसतो, हे ते जाणत होते. सरकार तेव्हा परके होते, आज आपले आहे. तरीही त्यांचा इशारा शिळा झालेला नाही. चाळीस वर्षांची हुंड्यांची सवय मोडावी लागली ती उगीच नाही.

आणि ताटे वेगळी असतात असे मी मघाशी म्हटले, ते व्याजाबद्दल. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात दर रुपयामागे २४ पैसे कर्जातून यायचे होते आणि २० पैसे व्याजात जायचे होते. हे व्याज देशाबाहेर फारसे जात नाही हे खरे, पण देशात ते कोणाला मिळते? ज्याच्याकडे रोखे त्याला. निवृत्त शिक्षिकेला मिळते, विमेदाराला मिळते, तसे मोठ्या धनकोलाही मिळते. जिच्याकडे पासबुकच नाही तिला त्यातले काही मिळत नाही, आणि तरीही काड्यापेटीवरचा कर तीही भरते. रिझर्व्ह बँकेकडे जे रोखे असतात त्यांचे व्याज मात्र फिरून सरकारकडे येते. २०२४-२५ या वर्षासाठी तिने सरकारला सुमारे २ लाख ६९ हजार कोटी रुपये दिले. त्यात परकीय चलनाच्या व्यवहारांतील मिळकतीचा भाग मोठा होता. तेव्हा कर्जाचा आकडा ऐकून घाबरण्यापेक्षा, त्या कर्जातून काय उभे राहिले आणि त्याचे व्याज कोणाच्या ताटात पडले, हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

जाणकारांमध्ये या सगळ्याबद्दल मतभेद आहेत. सरकारने तुटीची भीती बाळगू नये, महागाईची बाळगावी, असे म्हणणारा एक पक्ष आहे. एकदा ही भीती गेली की सरकारचा हात आवरत नाही, असे म्हणणारा दुसरा आहे. मी दोघांचेही वाचले. मला पहिल्याचे अर्थशास्त्र पटते आणि दुसऱ्याचे मनुष्यस्वभावाचे ज्ञान पटते. पण "सरकार म्हणजे एक मोठे घर" ही समजूत मात्र मी सोडून दिली आहे. घर रुपया कमावते, सरकार तो करते. घराचे कर्ज शेजाऱ्याचे असते, सरकारचे कर्ज बहुतेक आपलीच बचत असते. घराने हात आखडला तर घराची शिल्लक वाढते. सरकारने हात आखडला तर कोणाच्या तरी घरची कमाई थांबते, कारण एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत असते.

म्हणून माझी एक विनंती आहे. यापुढे मंडळाचे निवेदन घेऊन आपण कोठेही जाऊ, तेव्हा सोबत तीन गोष्टी लिहून नेऊ. हे काम करायला माणसे गावात आहेत का? लागणारा माल मिळतो का? आणि हा खर्च कोणाच्या वहीतला, नगरपालिकेच्या, राज्याच्या की केंद्राच्या? बालवाडीच्या वेळी आपण हे विचारले असते तर उत्तर सोपे होते. आपल्या आळीत दोन गवंडी त्या उन्हाळ्यात काम नाही म्हणून बसून होते. पत्रे बाजारात पडून होते. मुले तर होतीच. नव्हता तो फक्त कागदावरचा आकडा, आणि तो लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची किंमत चाळीस लहान मुलांनी दोन पावसाळे दिली.

आता बालवाडीच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे, हे आपण जाणताच. येत्या महिन्यात पुन्हा अर्ज घेऊन जायचे आहे. मागच्या वेळी पाचजणी होतो, या वेळी दहाजणी तरी या. खुर्च्या कमी पडल्या तर उभ्या राहू.